लोटन गुरुजींच्या चांदण्यांची चादर

मी मांजरपाटाची एक जुनी चादर आहे. माझ्या अंगावर तीनशे बारा काळे ठिपके आहेत. मित्रांनो, त्यांना डाग म्हणू नका. फार जीव लावून कुणीतरी ते उमटवले आहेत.

भडगावजवळ, गिरणाकाठच्या एका खेड्यात लोटन गुरुजी राहत. एक्याऐंशी साली ते निवृत्त झाले आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, उताणे पडून आकाश बघू लागले. दिसेल ती चांदणी माझ्यावर बिब्ब्याने टिपायची, म्हणजे धुतली तरी जाणार नाही. ठळक चांदणीला काडी, बारकीला बाभळीचा काटा. बिब्बा उतून बोटं सुजायची. खोबरेल लावताना मंजुळाबाई कुरकुरत, "आभाय काय पयी जाई का?"

आभाळ पळून जाणार नव्हतंच, पण गुरुजी मग आपल्या बायकोला हिपार्कसची गोष्ट सांगत. त्या ग्रीक माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी शेकडो ताऱ्यांची यादी केली. मूळ यादी हरवली. पण इतरांनी तिच्यातलं उतरवून घेतलं, म्हणून त्याचं काम टिकलं. आपला नकाशाही पोरांनी वहीत उतरवून घ्यावा, एवढीच गुरुजींची आस होती.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा ते मला एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात घेऊन गेले. तपासायला आलेल्या साहेबांनी मला टेबलावर पसरलं.

"गुरुजी, पूर्व डावीकडे? इतकी वर्षं पोरांना हेच शिकवलंत?"

पोरं फिदीफिदी हसली.

"साहेब, हा आकाशाचा नकाशा आहे. डोक्यावर धरून बघा," गुरुजी म्हणाले. पण साहेब पुढच्या टेबलाकडे वळलेही होते. मला बोलता आलं असतं तर! त्यानंतर गुरुजी धाब्यावर चढले नाहीत. पुढचा पोळा त्यांनी पाहिला नाही.

धाब्याची माती अंथरुणावर गळू लागली, तेव्हा मंजुळाबाईंनी मला खाटेच्या वर, तुळयांना ताणून बांधलं. ठिपके खाली, आणि कडेचं 'पूर्व' उगवतीला. गुरुजींनीच शिकवलेली अक्षरं ती. आडव्या पडून त्यांनी एकेक कड वाचली. उत्तर उत्तरेला, दक्षिण दक्षिणेला. त्या ताडकन उठून बसल्या.

"गुरुजी, तुम्हनं बठ्ठं बराबर व्हतं!"

सगळं बरोबर होतं, पण ते ऐकायला गुरुजी नव्हते. पदरात तोंड खुपसून त्या कितीतरी वेळ रडल्या.

आता माझ्यावर माती साचते आहे, शिवणही उसवली आहे. माझं फारसं राहिलेलं नाही. पण मित्रांनो, कुणी म्हातारं माणूस 'असं धरून बघा' म्हणालं, तर तेवढं तरी धरून बघा. दोन हात वर करायला कितीसा वेळ लागतो?