डॉक्टरांसमोर मजेत

डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” म्हणून विचारलं की आमचे हे म्हणणार, “मजेत.” खुर्चीत ताठ बसून, गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मजेत म्हणे! त्याच पहाटे घामानं चिंब झालेली चादर मी ओढून काढलेली असते, त्या चादरीवरून आमचं भांडण झालेलं असतं, आणि जिना उतरताना यांनी माझा खांदा असा काही धरलेला असतो की तो अजून ठणकत असतो. पण डॉक्टरांचं दार उघडलं की स्वारी लग्नाला आल्यासारखी. बाहेर पडलं की पुन्हा कण्हणं सुरू. म्हणजे मजा डॉक्टरांना आणि कण्हणं मला, अशी सरळ वाटणी.

आजार प्रोस्टेटच्या कॅन्सरचा. हाडांत उतरलेला. पहिली काही वर्षं नुसत्या इंजेक्शनांवर निभावलं. पुरुषाच्या शरीरातलं हार्मोन बंद करायचं म्हणजे आजाराची उपासमार होते, असं आम्हाला समजावून सांगितलं होतं. झालीही उपासमार. मग तो आजार निर्ढावला, इंजेक्शनांना जुमानेना. एक गोळी देऊन पाहिली, तिचाही जोर ओसरला. तेव्हा या नव्या गोळ्या आल्या. रोज चार, एकदम. इंजेक्शनं चालू ती चालूच.

रक्ताच्या तपासणीतला आजाराचा आकडा मात्र या गोळ्यांनी धडाधड खाली आणला. आमच्या घरात तो आकडा नातवाच्या मार्कांसारखा फोन करकरून सगळ्यांना सांगितला जातो. लेक पलीकडून ओरडते, “वा, बाबा!” आणि बाबा म्हणतात, “मग!” जणू काही रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलाय.

आकड्याचं मलाही कौतुक आहे हो, मी काय वैरीण आहे? पण लेक आकड्याशी बोलून फोन ठेवते आणि माझ्या वाट्याला माणूस येतो. पाळी जायच्या वयात माझ्या अंगाची अशी लाही व्हायची तेव्हा हेच गृहस्थ विचारायचे, “सारखी खिडकी कशाला उघडतेस?” आता स्वतः फ्रिजचं दार उघडून आत डोकं घालून उभे राहतात. मी एकदा नुसतं म्हटलं, “अहो, दूध नासेल.” तर डोळ्यांत पाणी! वॉशिंग पावडरच्या जाहिरातीत कुणाचा मळका शर्ट पांढरा झाला तरी पाणी. सासूबाई गेल्या तेव्हा या माणसाच्या पापणीची कड ओली झाली नव्हती. छाती अशी हुळहुळते की शर्टाची शिवण लागली तरी “आई गं” करतात. पोट पुढे आलंय, पायाच्या काड्या झाल्यात. नवरा-बायकोतलं ते सगळं तर इंजेक्शनांनी केव्हाच गुंडाळून ठेवलं. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही, यांनीही नाही. बरं, ते राहू दे.

खरा वैताग झोपेचा. झोप कसली, बटण बंद केल्यासारखा माणूस बंद होतो. सोफ्यावर बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून घोरायला लागतात. हातात चहाचा कप असला तर कप तसाच. आणि धंदा कोणता, तर गाडी शिकवण्याचा! यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक जुनी गाडी आणि हे. शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, त्या ब्रेकवर पाय ठेवून यांनी सगळा जन्म काढला. अर्ध्या गावाला यांनी गाडी शिकवलीय, मला सोडून. मला एकदा शिकवायला घेतलं होतं, तर पहिल्याच दिवशी मी भर रस्त्यात गाडीतून उतरून चालत घरी आले.

मी शंभरदा म्हटलं, “अहो, डॉक्टरांना सांगा ना, झोप अशी येते म्हणून.”

“तू डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं नाहीस.”

“का पण?”

“मागच्या गोळीचं काय झालं? पाय सुजतात म्हणून सांगितलं आणि गोळी काढून घेतली.”

“सुजेमुळे नाही काढली. तिचा उपयोग होईना म्हणून काढली.”

“तेच ते.”

तेच ते म्हणे! आता या माणसाशी कोण डोकं लावणार? पण खरं सांगते, मीही गप्प बसले ते काही धाकामुळे नाही. आपण भडाभडा बोलायचो, डॉक्टर गोळी बंद करायच्या आणि आकडा वर चढायला लागायचा, ही धास्ती मलाही होतीच. म्हणून घरात तोंडाचा पट्टा आणि दवाखान्यात तोंडाला कुलूप, असे माझे दिवस चालले होते.

अशात एका दुपारी यांची एक शिकाऊ बाई घरी आली. लायब्ररीत काम करते. हळू बोलायची सवय इतकी, की तिची दारावरची टकटकसुद्धा मला आधी ऐकू आली नाही. यांच्यासाठी मफलर घेऊन आली होती. ज्या माणसाला घरात बनियनही सोसत नाही, त्याला मफलर! हे औषधांच्या दुकानात गेलेले, म्हणून मी तिला बसवलं.

“काकू, सरांचे आभार मानायला आले,” ती म्हणाली. “माझी भीती गेली. सरांनी काय युक्ती केली! सांगितलं का त्यांनी तुम्हाला?”

“नाही बाई. कसली युक्ती?”

“झोपेचं सोंग घेतलं हो! मी गोल चौकात गाडी घातली आणि सर एकदम गप्प. बघते तर डोळे मिटलेले, मान खाली. आता कुठल्या रस्त्याला बाहेर पडायचं ते सांगितल्याशिवाय मी कशी पडणार? म्हणून मी आपली चौकाला फेऱ्या घालत राहिले. फुलवाला बघतोय, पोलीस बघतोय, मी फिरतेय.”

“अगं, मग उठवायचं नाही का?”

“झोपलेल्या माणसाला उठवायची सवय नाही ना आम्हाला. लायब्ररीत कितीतरी जण झोपतात.” ती हसली. “मग बाजूनं एक टेम्पो आडवा घुसला. मी आपणहून करकचून ब्रेक दाबला! पहिल्यांदा, कुणी न सांगता. गाडी त्याच्या दारापासून वीतभर लांब थांबली. सर म्हणाले, ‘क्लच! क्लच!’ आणि मला कळलं की ते सगळा वेळ जागेच होते. मुद्दाम माझ्यावर सोपवलं होतं. हो ना?”

या बाईच्या पर्सला लहान मुलीच्या फोटोची की-चेन लटकत होती, आणि ती माझ्याकडे बघून कौतुकानं हसत होती. हो ना, म्हणे. काय सांगू तिला? मी म्हटलं, “चहा घेतेस?”

हे घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते. “झोपलात?”

“कोण म्हणतं?”

“चौकात. गाडीत. तिच्या शेजारी.”

“झोपलो नव्हतो. डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत होतो. कानानं शिकवावं लागतं, तुला नाही कळायचं.”

“टेम्पो ऐकू आला का?”

यांनी वाकून चपला काढल्या. मग म्हणाले, “ब्रेक मारला ना तिनं? मग झालं तर.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला मफलर यांच्या अंगावर फेकला, आणि हे तो उचलून त्यानंच घाम पुसत बसले.

पुढच्या तपासणीला मी हट्टानं टॅक्सी बोलावली. यांनी वाटेत तीनदा बजावलं, “बोलायचं नाही.” मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. डॉक्टर आमच्या लेकीपेक्षाही लहान आहेत. रिपोर्ट बघून खूश झाल्या. “आकडा छान आहे, काका. कसं वाटतंय?”

“मजेत.”

“खोटं बोलतायत,” मी म्हटलं.

यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ब्रेक दाबायची सवय, जाणार कुठे! पण मी आता थांबणार नव्हते. घाम सांगितला, रडणं सांगितलं, जिना सांगितला, छातीचं सांगितलं. हातातल्या कपासकट झोपतात ते सांगितलं. आणि मग लायब्ररीतल्या बाईचं सांगितलं, टेम्पोसकट. सांगताना माझा आवाज इतका चढला की नर्स दारातून डोकावून गेली.

“हिला काय कळतंय?” हे म्हणाले. “जरा डोळा लागला असेल. उन्हाचं कुणाचाही लागतो.”

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. “काका, तुम्ही मला दर वेळी मजेत म्हणता, आणि मी त्या भरवशावर तोच डोस लिहून देते. काकू बोलल्या नसत्या तर मला कळलं कसं असतं?”

आणि मग ज्या माणसानं आयुष्यभर लोकांवर आवाज चढवला, तो माणूस अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “गोळी काढू नका.”

मला एकदम त्यांच्याकडे बघवेना.

“काढत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “चारच्या तीन करू. बऱ्याच जणांना तेवढ्यानं फरक पडतो. पण अशी झोप लागतेय तोवर गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही.”

“आणि तीनवरही झोप लागली तर?”

“तर गाडी नाहीच. किंवा मग गोळी थांबवून दुसरं काही बघायचं. पण दुसरं म्हणजे आता फार काही उरलेलं नाही, काका. सलाइनमधून द्यायचं औषध आहे, ते अंगाला याहून जड जाईल.”

“आणि काहीच घेतलं नाही तर? गाडी चालवता येईल?”

“काही महिने, कदाचित. खात्रीनं नाही सांगता येणार.”

मला वाटलं, आता हे चिडतील, टेबलावर हात आपटतील. मी त्याची वाटच बघत होते, कारण ओरडणाऱ्या माणसाला मला उत्तर देता येतं. पण हे बोटांनी पँटची इस्त्री चाचपत बसून राहिले. मग माझ्याकडे वळले. डॉक्टरांसमोर ज्याला माझा शब्द चालत नव्हता, तो माणूस मला म्हणाला, “तूच सांग. गोळी की गाडी?”

“गोळी,” मी म्हणाले.

त्यांचा प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाले. जरा थांबायला हवं होतं, निदान विचार केल्यासारखं दाखवायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं. त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना म्हणाले, “द्या लिहून.”

परतीचा टॅक्सीवाला सगळ्या रस्ताभर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत होता. मलासुद्धा कळत होतं की चुकतोय. एरवी यांनी त्याचा उद्धार केला असता, भाडं देताना लेक्चर दिलं असतं. आज एक शब्द नाही. त्या गप्पपणानं मी जेवढी घाबरले तेवढी त्या टेम्पोच्या गोष्टीनंही घाबरले नव्हते. संध्याकाळी यांनी लायब्ररीतल्या बाईला फोन केला आणि दुसऱ्या स्कूलचा पत्ता दिला. ती काहीतरी विचारत असावी. हे म्हणाले, “नाही, नाही, सोंग नव्हतं ते. मला खरंच झोप लागली होती. तुमचं तुम्हीच चालवत होतात.” फोन ठेवला आणि पंखा पूर्ण सोडून त्याच्याखाली उघडेच बसले. मला थंडी वाजत होती, मी शाल पांघरून तिथंच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं पाणी आणि गोळ्या समोर ठेवल्या. तीनच. यांनी त्या तळहातावर घेतल्या आणि बघत बसले.

“काय झालं? घ्या ना.”

“घेतोय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण तुझ्यासाठी घेतोय. एवढं लक्षात ठेव.”

लोकांना वाटेल, बाईला भरून आलं असेल. मला संताप आला. असा संताप की कानशिलं गरम झाली. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्यासाठी म्हणून कधी गाडीचा वेग कमी केला नाही, आणि आता माझ्यासाठी म्हणून जगणार! म्हणजे आता घाम आला की तो माझ्यामुळे, रडू आलं की माझ्यामुळे, दुपारभर उघड्या डोळ्यांनी दारातल्या रिकाम्या गाडीकडे बघत बसले की तेही माझ्यामुळे. आणि उद्या या गोळीचाही जोर ओसरला, तर एवढं मागून घेऊनही माझ्या हाती उरलं काय? किती सोपं करून टाकलं यांनी स्वतःचं. सगळं उचललं आणि माझ्या ओटीत घातलं.

“मी कुठं म्हटलं माझ्यासाठी घ्या?” हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ते बोलले असते आणि यांनी गोळ्या खाली ठेवल्या असत्या तर? हे असे आहेत, ठेवतील. तळहात अजून उघडाच होता.

“हो, माझ्यासाठीच,” मी म्हणाले. “गिळा आता.”

माझ्याकडे बघत बघत त्यांनी एकेक करून तिन्ही गिळल्या.