बांधावर तापलेली गाडी

गोटीराम सकाळपासून कोणाशी धड बोलला नव्हता, आणि जे बोलला ते ओरडून बोलला. ओरडेल नाही तर काय करेल बिचारा? बांध पाझरत होता, अमावस्येचं उधाण दुपारी चढणार होतं, आणि ज्या गाडीवर सगळी मदार ती दर खेपेला तापून मधेच बसत होती.

द्रोणागिरीच्या गोदामांच्या मागे, कंटेनरच्या रांगा संपतात तिथून खाडीकडे गेलं की गोटीरामची उरलेली जमीन लागते. उरलेली म्हणजे किती, तर जिताड्यांचं एक तळं आणि त्याला खाडीपासून वेगळं ठेवणारा मातीचा बांध. बाकीची भातशेती नव्या शहरात गेली. आता या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून भरतीचं पाणी आत आलं, तर मासे जाणार हे उघडच होतं. पण गोटीरामला खरी धास्ती होती ती माशांची नव्हे. खारं पाणी एकदा आत खेळायला लागलं की खारफुटीची तिवरं उगवतात, आणि तिवरांना हात लावायची कायद्यानं बंदी. शेजारच्या सखूवहिनींचं असंच झालं. सात-बारावर नाव त्यांचं, आणि शेतात जंगल. वहिनी आता बांधावर उभ्या राहून स्वतःच्या जमिनीकडे पाहुण्यासारख्या बघतात.

चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, बांध आतून पोखरला होता. तिथे मुरमाच्या गोणी टाकून तो दाबायचा, एवढं साधं काम. पण मुरमाचा ढीग पडला होता डांबरी रस्त्यावर. डंपर बांधावर चढला असता तर बांध घेऊनच खाली गेला असता. त्या अरुंद, निसरड्या वाटेवर चालेल अशी गावात एकच गाडी, गोटीरामची जुनी डिझेल फोर-व्हील. जमिनीचे पैसे आले तेव्हा भावांनी बंगले बांधले, यानं गाडी घेतली. पैसे गेले, भावांचं बोलणं गेलं, गाडी राहिली. तिच्यावर त्याचा जीव असा, की पोटची पोर नमिता सुद्धा कधीकधी रुसायची.

त्या दिवशी गाडी चालवत होती नमिताच. पुतण्या मितेश आणि त्याचे दोस्त गोणी भरत होते. पहिल्या खेपेला तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला. दुसऱ्या खेपेला तो लाल पट्टीला टेकला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. मग अर्धा तास गाडी उभी, आणि पाणी मात्र चढतंच. गोटीरामनं गार पाण्याचा कॅन उचलला आणि तापलेल्या रेडिएटरकडे निघाला, तेव्हा नमिता आडवी आली. इंजिनचं हेड तडकलं म्हणजे कायमचं बसा, असं तिनं बापाला तोंडावर सुनावलं. बापानं कॅन आपटला आणि उरण नाक्यावरच्या कृष्णात मेकॅनिकला फोन लावायला सांगितलं.

कृष्णात मूळचा कोल्हापूरकडचा. माणूस गुणी, पण चेंगट. घाई केली की आणखी सावकाश होणारा. तो स्कूटरवरून उतरला, पान थुंकला, आणि इंजिन जरा निवू दे म्हणाला. गोटीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. निवू दे काय निवू दे! खाडी निवायची वाट बघते काय?

गोटीरामचं स्वतःचं निदान केव्हाच तयार होतं. त्या भागात निदान सगळ्यांचंच तयार असतं, विचारायची खोटी. रेडिएटर चोंदला असणार, पुन्हा खोलून साफ कर, असं त्याचं म्हणणं. खरं तर गेल्या उन्हाळ्यात गाडी पहिल्यांदा तापली तेव्हा तो तळोज्याला नेऊन साफ करून घेतला होता. खाऱ्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतून आत क्षार साचले होते, ते सगळे काढले. पाण्याचा पंपही नवा घातला. तरी आज हे. मग इंजिनच्या हेडखालचं गॅस्केट गेलं असेल, असं तो म्हणाला, आणि गॅस्केट हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज खाली आला. गॅस्केट गेलं असतं तर आजचा दिवस संपलाच होता.

"जलली तं जलू दे," तो शेवटी म्हणाला. "मी खेपा मारतो. बांध राहिला पायजे."

"शेठ, इंजिन जाम हुईल ते बांधाच्या मधोमध," कृष्णात म्हणाला. "मग मागनं गोण न्यायला वाट तरी राहील व्हय?"

गोटीराम तरातरा निघाला. तो बांधाच्या टोकाला जाऊन पाझर बघून आला. सकाळी तिथे ओल होती, आता करंगळीएवढी धार होती, आणि धारेबरोबर माती येत होती.

कृष्णातनं आपल्या चालीनं काम सुरू केलं. रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून थोडं थोडं सोडलं, पाणी कमी होतं ते भरलं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. ऑईल बोटावर घेऊन पाहिलं, त्यात दुधाळपणा नव्हता, म्हणजे पाणी मिसळलं नव्हतं. मग झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करायला लावली आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते वाकून बघत बसला. गोटीराम त्याच्या खांद्यावरून बघत होता. बुडबुडे आले असते तर गॅस्केट. पाणी शांत होतं. गोटीरामनं मनातल्या मनात गावदेवीला हात जोडले, आणि लगेच चिडला, की मग बिघाड आहे कुठे?

झाकण लावून कृष्णातनं नमिताला रेस द्यायला सांगितलं. काटा चढू लागला. गोटीरामला वाटलं आता हा थांबवेल, पण हा थांबवेना. काटा लाल पट्टीकडे निघाला तसं नमितानं काचेतून दोघांकडे पाहिलं. कृष्णात मात्र आंधळ्यासारखा हात फिरवत होता. वरच्या जाड नळीवर, रेडिएटरच्या जाळीवर, खाली. मग पंपाजवळच्या एका आखूड, बारक्या नळीला त्यानं बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं.

गाडी बंद करायला लावून त्यानं गोटीरामचा हात धरला आणि जाळीवर टेकवला. इंजिन उकळत होतं आणि रेडिएटर जेमतेम कोमट. गोटीराम चक्रावला. चोंदलेला म्हणावा, तर निदान वरचा भाग तरी भाजायला हवा होता.

"ह्याचं थर्मोस्टॅट कुणी काढलं?" कृष्णातनं विचारलं.

"गेल्या उन्हाल्यात मीच काढाया लावलं," गोटीराम म्हणाला, आणि अभिमानानं म्हणाला. "आपल्याकडं काय बरफ परतो? गावात सगल्यांनी काढलंय."

हे मात्र खरं होतं. गाडी तापली की आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचं, हा त्या गावात अगदी पाठ झालेला उपाय. इंजिन गरम करायची ती वस्तू, थंडीच्या मुलखातली, आपल्याला तिचं काय काम, असं ड्रायव्हर ड्रायव्हरला सांगत आले. गोटीरामनं तर तीन-चार जणांना मोठ्या थाटात हा सल्ला दिला होता. कृष्णातनं कपाळावर हात मारला. या इंजिनात ती वस्तू दोन कामं करते, त्यानं सांगितलं. पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी ही बारकी नळी बंद करते. ती वस्तूच नाही, तर बारकी नळी कायम उघडी. पाण्याला जवळची वाट मिळाली, ते कशाला लांब जाईल? इंजिनातून निघून पुन्हा इंजिनातच फिरतंय. बाजाराला जाताना, वाऱ्यावर, रिकाम्या गाडीला ते खपून गेलं. इथे लो गिअर, भरलेल्या गोणी, चिखल आणि वारा नाही, इथे उघडं पडलं.

म्हणजे जुना आजार साफ करून घेतला आणि नवा आपल्या हातानं लावून घेतला. गोटीरामला स्वतःचा इतका राग आला की त्यानं जवळच्या गोणीला लाथ घातली, आणि पाय दुखावून घेतला.

नवं थर्मोस्टॅट आणायला वेळ कुठला? कृष्णातनं बारक्या नळीचं एक टोक सोडवलं, आत जाड बोल्ट सारला, टोक परत बसवलं आणि वरून क्लिप आवळली. पाणी भरलं. नमिता गाडी घेऊन बांधावर गेली. गोटीराम गाडीबरोबर चालत, खिडकीतून काट्यावर डोळे लावून. काटा मधोमध आला आणि थांबला. भरली खेप, लो गिअर, चाकं चिखलात फिरताहेत, तरी काटा हलत नाही. नमिता हसली. बाप हसला नाही, कारण त्याला पुढचं पाणी दिसत होतं.

खाडी भरली होती. लाटा बांधाच्या कडेला चाटत होत्या आणि हातभर जाड झालेली धार आधी टाकलेल्या गोणी गिळायला लागली होती. एक खेप झाली, दुसरी झाली. तिसरी भरून निघाली तेव्हा मितेश पुढून ओरडत आला. बांधाचा वरचा भाग खचला होता आणि खांड पडली होती. दारातून यावं तसं पाणी आत येत होतं. मुलांनी टाकलेली गोण पाण्यावर जरा डोलायची आणि तळ्यात जायची. अजून थोडा वेळ, की खांड रुंद होणार, आणि मग देव आला तरी ती बुजणार नव्हती.

गोटीराम गाडीच्या दाराशी गेला.

"उतर," तो नमिताला म्हणाला.

तिला कळलं. तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. ही गाडी गेली तर तुमच्याकडे राहील काय, असं ती रडत विचारू लागली. गोटीरामनं तिचा हात सोडवला, मायेनं, पण सोडवलाच. तिला उतरवलं आणि स्वतः बसला. कृष्णात धावत आला, शेठ शेठ करत. शेठनं काच वर केली.

गाडी बांधावरून गेली, भरल्या गोणींसकट. एकदा मागचं चाक घसरलं, इंजिननं दम धरला आणि तिला पुन्हा वर काढलं. खांडीपाशी गोटीरामनं स्टिअरिंग वळवलं, दार उघडलं आणि चिखलात उडी टाकली. गाडी आडवी होऊन खांडीत बसली. पाणी तिच्यावर आदळलं, बॉनेटवरून गेलं, मग बाजूनं फुटलं, मग नुसतं झिरपायला लागलं. पोरांनी तिच्या अंगावर गोणी रचल्या, टपापर्यंत. इंजिन बरंच धुगधुगलं आणि मग बंद पडलं.

ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता. मितेश म्हणाला, उद्या क्रेन आणू. गोटीरामनं नको म्हटलं. ती काढली तर खांड पुन्हा उघडेल, आता ती बांधातच राहील. एवढं बोलून तो मुरमाच्या गोणीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला, नमितानं पाठीवरून हात फिरवला तरी थांबेना.

कृष्णात गुडघाभर चिखलात उभा होता. त्याला वाईट वाटत होतं, आणि जरा रागही येत होता.

"शेठ, इंजिन आता एकदम ठीक झालं हुतं," तो म्हणाला.

गोटीरामनं पंच्यानं तोंड पुसलं.

"म्हनूनच पोचली नं," तो म्हणाला. "नाय तं मधीच बसली असती."