आत्याबाईंच्या कपाळावरच्या पिसवा

उभ्या जन्मात पुष्कळांनी माझ्यावर उपकार केले आणि मी ते मानलेही. पण त्यातला एक सांगितला की नातवंडं हसत सुटतात. तो उपकार पिसवांचा. त्या माझ्या सासूच्या कपाळाला चावल्या म्हणून माझा कुत्रा वाचला, आणि कुत्रा वाचला म्हणून मी बेंबळीत रुळले. हसायचं त्यांनी हसावं.

आळंदच्या बाजूच्या एका खेड्यातून लग्न होऊन मी बेंबळीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कागदावर फसली सन १३५३ लिहीत, म्हणजे इंग्रजी १९४३-४४. माहेर आणि सासर दोन्ही त्याच राज्यातली. गळ्यातलं लिंग तेच, कपाळावरची विभूती तीच, फक्त माहेरी कानडी आणि सासरी मराठी. मला मराठीचे चार शब्द येत, त्यातले तीन खाण्याचे. आमचे मालक कल्याणप्पा मुळातच मोजकं बोलणारे, त्यामुळं त्यांच्याकडून पाचवा शब्द मिळायला मला महिना लागला.

माझ्यामागं एकच जीव आला, करिया. करिया म्हणजे काळ्या. वरातीच्या गाडीमागं तो दोन दिवस चालत आला, कुणी बोलावलं नव्हतं. बेंबळीच्या लोकांनी त्याला हाकलायचा खूप प्रयत्न केला, पण त्याला मराठी कळत नव्हती. ‘हाड हाड’ म्हटलं की हा शेपूट हलवायचा, त्याला वाटायचं आपलं कौतुक चाललं आहे. मी मात्र ‘बा’ म्हटलं की यायचा आणि ‘कुंद्रू’ म्हटलं की बसायचा, आणि मी पुन्हा ‘बा’ म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. परसात भांडी घासताना मी त्याच्याशी कानडीत बोलत बसे. आईची आठवण, भाकरी करपल्याची हकिगत, सासूबाईंची गाऱ्हाणी, सगळं. तो मान तिरकी करून ऐकायचा. एवढं ऐकून घेणारं माणूस मला पुढं कधी मिळालं नाही, मालकांसकट.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. नागम्मा त्यांचं नाव. सासरे मी यायच्या आधीच गेले होते, घर आणि शेत त्याच बघत. तोंडानं फटकळ, पण मला कधी उपाशी झोपू दिलं नाही की हात उगारला नाही. गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, त्यांची दोन लेकरं एका आठवड्यात गेली होती. तेव्हापासून घरात उंदीर दिसला तरी त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर करियापाशी मी त्यांची निम्मी गाऱ्हाणी केली नसती.

श्रावण संपता संपता घरात पिसवा झाल्या. आधी मालक नडगी खाजवू लागले, मग मी, मग आत्याबाई. बाजेवरच्या वाकळेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले. साहजिकच सगळ्यांनी करियाकडं बघितलं. तो बिचारा उंबऱ्याच्या आत कधी आलेला नव्हता, ओसरीवर पोत्यावर झोपायचा. पण त्याच्याही अंगात पिसवा होत्या, त्यामुळं त्याची बाजू कोण घेणार?

आत्याबाईंचा न्याय मात्र चोख. त्यांनी आधी उपाय केले. रिठे भिजवून त्यांचं पाणी काढलं आणि मला हातवारे करून कुत्रं कसं धुवायचं ते शिकवलं. आधी गळ्याभोवती फेसाचा जाड पट्टा करायचा, मग बाकीचं अंग. पाठीपासून सुरुवात केली तर सगळ्या पिसवा पळून कानात शिरतात. मग बारीक फणी फिरवायची आणि फणीत अडकलेली पिसू रिठ्याच्या पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यात टाकली तर ती तरंगते आणि उडी मारून पुन्हा आपल्याच अंगावर येते. शेवटी करंजाच्या तेलाचा हात. करिया एवढा शहाण्यासारखा उभा राहिला की आत्याबाई म्हणाल्या, ‘‘माणसापरीस बरं हाय की हे.’’

मग घर. वाकळा, गोधड्या, धान्याची रिकामी पोती, सगळं दोन दिवस उन्हात. कोपऱ्यांतली धूळ झाडून उचलली आणि थेट चुलीत घातली, कारण पिसवांची अंडी धुळीत असतात. भुईच्या भेगा चिखलानं बुजवून वरून शेणानं सारवलं. कडुनिंबाचा ओला पाला पेटवून दारं लावून घेतली, आम्ही तिघं बाहेर खोकत बसलो. आठ दिवस घर शांत राहिलं. बाराव्या दिवशी मालक पुन्हा नडगी खाजवू लागले.

एका वस्तूला मात्र ऊन दाखवलं नव्हतं. ती स्वामींची घोंगडी.

महांतय्या स्वामी हे फिरते जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू. दरवर्षी श्रावणाच्या सुरुवातीला यायचे, पुढच्या गावांना जायचे आणि भाद्रपदात परतताना पुन्हा आमच्याकडं उतरायचे. त्या श्रावणात जाताना ते आपली काळी घोंगडी देवघराच्या दारामागं ठेवून गेले. आत्याबाईंना वाटलं, स्वामींनी आपल्याला प्रसाद दिला. त्यांनी ती देवघरापुढं अंथरली आणि रोज पूजा झाली की तिच्यावर डोकं टेकू लागल्या. त्या घोंगडीवर कुणी बसायचं नाही, पाय लावायचा नाही. धुवायची तर बातच नको, स्वामींच्या अंगाचा स्पर्श जाईल. त्यामुळं सारवतानाही ती जिथल्या तिथं राहिली आणि आत्याबाई तिच्या कडेकडेनं हात फिरवत गेल्या.

पिसवा परत आल्या तेव्हा आत्याबाईंनी मालकांना समोर बसवलं.

‘‘या पिसवांच्या पायीच पिलेग येतो म्हणत्यात. म्या दोन लेकरं दिली. आता घरातलं एक बी देणार न्हाय. सोमवारी स्वामी यायच्यात, त्येच्या आत कुत्रं हितनं हलव. गाडी जुप आन् धाराशिवच्या पेठंत सोडून ये.’’

यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, पण करियाकडं दाखवलेलं बोट आणि धाराशिव एवढं कळलं. मी परसात जाऊन त्याच्या गळ्यात पडून रडले. तो गेल्यावर मी कुणाशी बोलणार होते? या एवढ्या गावात माझी भाषा समजणारा तोच एक होता.

रविवारी सकाळी आत्याबाई पूजा आटोपून चुलीपाशी आल्या आणि मी त्यांना भाकरी वाढत होते. घामानं विभूतीचे पट्टे पुसले गेले होते. खाली कपाळभर लाल पुरळ. मी बघतच राहिले. आम्हा दोघांना पिसवा चावत त्या नडगीला आणि घोट्याला. आत्याबाईंना कपाळाला! पिसू काही उभ्या बाईच्या कपाळापर्यंत उडी मारत नाही. मग आत्याबाईंचं कपाळ दिवसातून भुईला लागतं कुठं?

ताट तिथंच ठेवून मी उठले. माहेरी आमच्या गोठ्यात पिसवा झाल्या की बाप एक युक्ती करायचा, तीच केली. मालकांचं जुनं पांढरं धोतर फाडलं, ओलं केलं, दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळलं आणि घरभर एकेका जागी उभी राहिले. चुलीपाशी पांढऱ्यावर एकही काळा ठिपका नाही. ओसरीवर करियाच्या पोत्यापाशी दोन-तीन. देवघरापुढं घोंगडीला लागून उभी राहिले आणि बघता बघता दोन्ही पाय तीळ टाकल्यासारखे झाले.

मालक दारात उभे राहून हे सगळं बघत होते. मी घोंगडीकडं बोट केलं. त्यांना कळलं, अगदी पुरतं कळलं. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘आईला कोण सांगंल?’’ आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. त्या दिवशी आमचे बैल संध्याकाळपर्यंत पाणीच पीत होते.

मग मीच गेले. एव्हाना माझ्याकडं दोन शब्द वाढले होते. ‘‘आत्याबाई,’’ मी म्हणाले, ‘‘घोंगडी... पिसवा.’’ त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचा शब्द असता तरी निघाला नसता. ‘‘जा, आदी तोंड धू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुत्र्यापायी स्वामींवर आळ घेती व्हय?’’

सोमवार उजाडला. करियाला मीच गाडीत चढवलं, दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नव्हता. ‘कुंद्रू’ म्हटलं. तो बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. मालक चाकाला वंगण घालत होते. खरं तर वंगण आदल्या दिवशीच घातलं होतं. पण ते खाली बसून पुन्हा पुन्हा बोटं पुसत होते, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. बैल इतका वेळ पाणी प्याले ते मी त्या सकाळी माफ केलं.

कारण तेवढ्यात महांतय्या स्वामी आले. पायी, धुळीनं भरलेले. ‘शरणार्थी’ म्हणून नमस्कार झाले. आत्याबाईंनी त्यांचे पाय धुतले, हात धरून त्यांना आत नेलं आणि मोठ्या अभिमानानं घोंगडीकडं हात केला. ‘‘बसा स्वामी. तुमचा प्रसाद तसाच जपलाय.’’

स्वामी उजेडातून आत आलेले, त्यांना नीट दिसलं नसावं. ते बसायला वाकले. बाहेर गाडीत माझा करिया, आणि इथं हा म्हातारा माणूस त्याच पिसवांत बसणार. मला रागही आला, भीतीही वाटली, आणि तोंडातून निघून गेलं:

‘‘बसू नका स्वामी, पिसवा हायत!’’

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण मराठी वाक्य.

आत्याबाईंचा हात तोंडावर गेला. नवी सून जंगमाला बसू नका म्हणते, असं त्या गावात कधी झालं नसेल. स्वामींनी वाकून घोंगडीकडं बघितलं आणि एकदम दोन पावलं मागं सरले.

‘‘अगं आई! ही अजून हितंच हाय व्हय?’’

‘‘तुमीच दिली न्हवं,’’ आत्याबाई म्हणाल्या.

स्वामींना गप्प राहता आलं असतं. सून वेडी आहे म्हणून हसून सोडून देता आलं असतं, आणि आत्याबाईंनी तेच खरं धरलं असतं. पण ते खाली भुईवर बसले, नुसत्या भुईवर, आणि हात जोडले.

‘‘नागम्मा, दिली न्हाय, टाकली. वाटंत एका धर्मशाळेत हिच्यात पिसवा भरल्या. आठ दिस डोळ्याला डोळा न्हाय. तुमच्या घरी आलो तवा बोलायची लाज वाटली. दाराआड ठिवली, म्हणलं जुनं चिरगूट म्हणून टाकून द्याल. तुमी पूजा कराल हे माझ्या ध्यानात बी आलं न्हाय. पोरगी खरं बोलती. चूक माझी हाय.’’

मला सगळे शब्द कळले नाहीत. पण एक म्हातारा साधू माझ्याकडं बोट करून ‘खरं’ म्हणाला, एवढं कळलं. त्या माणसाची मी रोज पूजेच्या वेळी आठवण काढते.

आत्याबाईंनी हळूच कपाळावर हात फिरवला. मग त्या ताडकन उठल्या आणि अनवाणी बाहेर धावल्या. मी मागोमाग.

‘‘कल्याणप्पा, थांब!’’

मालक थांबलेलेच होते. आत्याबाई गाडीपाशी गेल्या. ‘‘ये, खाली ये,’’ त्या करियाला म्हणाल्या. तो शेपूट हलवत बसून राहिला. मालकांनी चुचकारलं, गळ्यातली दोरी ओढली. तो हलला नाही. मी ‘कुंद्रू’ म्हटलं होतं ना! आता मीच बोलवायचं होतं, पण रडता रडता माझे नुसते ओठ हलले, आवाज फुटला नाही. करिया माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं.

आत्याबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग गाडीच्या साटीवर हात ठेवला आणि अवघडून, पण स्वच्छ, त्या म्हणाल्या,

‘‘बा. करिया, बा.’’

त्यानं गाडीतून थेट त्यांच्या अंगावर उडी घेतली. विटाळ नाही, पिसवा नाही, काही नाही. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

मी डोळे पुसत विचारलं, अर्धं कानडीत, अर्धं हातांनी, की हे तुम्हाला कसं येतं?

‘‘लगीन झाल्यापास्नं परसात रोज ऐकती की,’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘मला काय कान न्हाईत?’’

म्हणजे गाऱ्हाणीसुद्धा ऐकली होती. मी लाजेनं मेले. पण त्या हसल्या, आणि मला हाताला धरून, कुत्र्यासकट, उंबऱ्याच्या आत घेऊन गेल्या.