पंप सुरळीत आहे

मालकांनी पाण्यावर थंड होणारा संगणक आणला आणि तो स्वागतकक्षात ठेवला. ज्या खोलीत माणसं काम करत होती तिथे नव्हे. ज्या खोलीत माणसं बसून वाट बघत तिथे. काचेची उभी पेटी, आत नळ्यांचं जाळं, नळ्यांतून फिरणारं निळं पाणी आणि पाण्यामागे रंग बदलणारे दिवे. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी काचेला नाक लावून, यात मासे कधी सोडणार, असं विचारलं. मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पेटी तिथेच राहिली, कारण विचारणाऱ्याने निदान पाहिली तरी होती.

मालकांच्या कार्यालयात चित्रपट बनत. न बांधलेल्या इमारती, पडलेले वाडे, कुणीच न पाहिलेली यंत्रं, असं जे जगात नाही ते संगणकावर उभं करून दाखवणं हा धंदा. तो खऱ्या अर्थाने चालवत होती कात्री. तिला कात्री म्हणत ते ती फिल्म कापायची म्हणून, आणि तिच्याशी बोलून आलेला माणूस थोडा कमी होऊन यायचा म्हणूनही. इतकी वर्षं तिच्या कामाखाली मालकांचं नाव लागत आलं होतं. या वेळी मात्र मालकांनी शब्द दिला होता. एका संग्रहालयासाठी पुरात वाहून गेलेल्या जुन्या पुलाचा चित्रपट करायचा होता आणि त्यावर ‘दिग्दर्शन’ या शब्दापुढे तिचं नाव येणार होतं. मालकांचा शब्द कसा विरघळतो हे ठाऊक असल्यामुळे तिने तो आत्यांसमोर वदवून घेतला होता. आत्या म्हणजे मालकांच्या सख्ख्या आत्या. स्वागतकक्षात टेबलामागे बसून त्या दिवसभर लोकर विणत आणि सगळं ऐकत.

चित्रपटाचा सगळा जीव पुरात होता. नदी फुगते, पुलाला भिडते, एकेक कमान घेऊन जाते. हे पाणी हाताने काढायचं नसतं. संगणक ते मोजून काढतो. आत्ताचं पाणी कळल्याशिवाय पुढच्या क्षणाचं पाणी कळत नाही, आणि त्यांच्या व्यवस्थेत हाताने थांबवून जपण्याआधीच यंत्र बंद पडलं की नदी पुन्हा उगमापासून. हिशेब बरेच दिवस अखंड चालणार होता. एवढी ताकद फक्त त्या काचेच्या पेटीत होती.

म्हणून कात्रीने पहिल्याच दिवशी विचारलं, “पंप बंद पडला तर?”

प्रश्न मालकांच्या मेहुण्यांना होता. मेहुणे म्हणजे मालकिणीचे धाकटे भाऊ. यंत्रांचं सगळं त्यांच्याकडे होतं, कारण दुसरं सगळं त्यांच्याकडे देऊन पाहून झालं होतं.

“बंद कसा पडेल? नवा आहे,” मेहुणे म्हणाले.

“या कामावर तुम्हीही नवेच आहात. तुम्ही पडताच ना दुपारी जेवणानंतर आडवे?”

आत्यांनी विणकामात तोंड खुपसलं. मालकांनी घसा खाकरला आणि पंपाला अलार्म बसवायचं ठरलं.

काम अवघड नव्हतं. पंपातून दोन वायरी निघतात. जाड वायर वीज घेते. बारीक वायर पंप किती वेगाने फिरतोय ते संगणकाला सांगत राहते. वेग ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की भोंगा वाजावा आणि पडद्यावर लाल अक्षरं यावीत, एवढंच सांगून ठेवायचं. मेहुण्यांनी त्यासाठी गुडघे टेकून, कपाळावर दिवा बांधून, दोन वेळा चहा मागवून एक आख्खी दुपार घालवली. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाचा थकवा होता.

“आता वाजवून दाखवा,” कात्री म्हणाली. “जाड वायर काढा. पंप थांबेल, भोंगा वाजेल, पुन्हा लावा.”

“चालत्या पंपाची वायर काढायची?” मेहुण्यांनी मालकांकडे पाहिलं. “म्हणजे डॉक्टर बरा आहे की नाही ते बघायला आधी पेशंटचा गळा दाबायचा!”

मालक खदखदून हसले. घरच्या माणसाला कधी नव्हे ते सुचलं होतं. चाचणी राहिली ती राहिलीच.

भोंगा पुढे आपण होऊन वाजला. एक बिल्डर सोफ्यावर बसून कराराची शेवटची पानं चाळत होता, तेवढ्यात पेटीने हंबरडा फोडला. बिल्डरच्या हातून पेन पडलं. मालक धावत आले आणि त्यांनी पंपाकडे नव्हे, मेहुण्यांकडे पाहिलं.

“हे काय आहे? कारखाना आहे का हा? सुट्टी झाली का कामगारांची?”

मेहुण्यांनी मर्यादा खाली आणली. म्हणजे पंप आणखी मंद झाला तरच भोंगा वाजेल. दोन दिवस शांतता. मग पुन्हा हंबरडा. पुन्हा मर्यादा खाली. पंप खरोखरच धापा टाकतोय का, हे बघायची बुद्धी कुणाला झाली नाही. ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं की दुखणं गेलं, अशी या घराची वैद्यकी होती, आणि कार्यालयातही तीच चाले. कात्रीने दोनदा सांगून पाहिलं. “बाई, तुम्ही चित्रं बघा,” असं उत्तर दोनदा मिळालं.

शेवटी एका सकाळी मेहुण्यांनी जाहीर केलं की आजार मुळापासून गेला. आणि खरंच, भोंगा गप्प झाला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘पंप सुरळीत’ असं दिसायला लागलं, शेजारी वेगाचा आकडा ठाम उभा. मेहुणे येता-जाता त्या आकड्याकडे, पहिल्या आलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघावं तसं बघत.

हे फार दिवस टिकलं नाही, कारण आत्यांचा लोकरीचा गुंडा घरंगळला. तो पेटीच्या पुढच्या पंख्याकडे गेला, धागा जाळीतून आत ओढला गेला आणि पंखा जागच्या जागी गच्च झाला. भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं आली, ‘पंप बंद’.

“अगं बाई, मी पंप बंद पाडला!” आत्या उभ्या राहिल्या.

कात्री धावत आली. तिने काचेतून पाहिलं. निळं पाणी फिरत होतं. एक बुडबुडा नळीतून वर जात होता, वळणावर थबकत होता, पुन्हा निघत होता. पंप चालू होता. थांबला होता पंखा. तिने धागा सोडवला; पंखा फिरला, भोंगा थांबला, आणि पडद्याने पुन्हा सांगितलं, पंप सुरळीत.

तिने बाजूची काच उघडली आणि बारीक वायरीवर बोट ठेवून माग काढला. पंपाच्या जागी पंख्याची वायर घातली होती. पंपाची बारीक वायर कुठेच जोडलेली नव्हती. ती गाठ मारून कोपऱ्यात खोचली होती. मेहुण्यांनी लबाडी केली असती तर तिला थोडा तरी आदर वाटला असता. त्यांनी फक्त वायरी इकडच्या तिकडे करून पाहिल्या होत्या आणि ज्या जोडणीवर भोंगा गप्प बसला ती बरोबर मानली होती.

ती तडक मालकांकडे गेली. “तुमचा अलार्म पंख्याला लावलाय. पंप मेला तरी पडदा सुरळीतच म्हणणार.”

“पण वाजत नाहीये ना आता?”

“तेच सांगतेय.”

“हे बघ,” मालकांनी आवाज खाली आणला, “घरातला माणूस आहे. उद्या संग्रहालयाच्या संचालक बाई येताहेत. त्या गेल्या की तुझी नदी सुरू कर. वायरींचं नंतर बघू. उगाच त्याचं मन मोडायला नको.”

नदी मध्येच मेली तर पुराचं दृश्य जाणार, पूर गेला की चित्रपट जाणार, आणि मग तिचं नाव कुठे लावायचं हा प्रश्न आपोआप सुटणार. मेहुण्यांचं मन मात्र धडधाकट राहणार.

दुसऱ्या दिवशी संचालक बाई आल्या. बारीक चष्म्याची, कमी बोलणारी बाई. मालकांनी त्यांना पेटीसमोर उभं केलं, पडद्यावर संगणकात उभा केलेला पूल गोल फिरत लावला आणि पेटीवर भाषण सुरू केलं. जगात अशी यंत्रं किती, त्यातली आपल्याकडे कोणती, वगैरे.

“आणि पंप बंद पडला तर?” संचालक बाईंनी मध्येच विचारलं.

कात्रीला त्यांना मिठी मारावीशी वाटली. ती गोड आवाजात म्हणाली, “मेहुणे, दाखवा ना बाईंना. प्लग काढून.”

तिचा गोड आवाज या कार्यालयात कुणी ऐकला नव्हता. मेहुण्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण बघणारी माणसं समोर होती आणि त्यांचा आपल्या कामावर खराखुरा विश्वास होता. त्यांनी बाह्या सरकवल्या, पेटी उघडली आणि पंपाची जाड वायर उपटली.

भोंगा वाजला नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं तशीच. पंप सुरळीत.

मेहुणे क्षणभर वायरीकडे पाहत राहिले, मग पडद्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला. मग हळूहळू उजाडलं.

“बघा!” ते म्हणाले आणि वायर उंच धरली. “वायर माझ्या हातात, आणि पंप चालू!”

“विजेशिवाय?” संचालक बाईंनी चष्मा पुढे केला.

“आमच्या मेहुण्यांची स्वतःची रचना आहे,” मालक बोलून मोकळे झाले. कसली रचना, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“अरे पण तो बुडबुडा थांबलाय,” आत्या म्हणाल्या. “रोज वर जातो. आज मध्येच बसलाय.”

“आत्या, तुम्ही विणा.”

पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा चढायला लागला होता. फिरता पूल अडखळत होता. कात्री मेहुण्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“छानच झालं. मग वायर बाहेरच राहू द्या. मी नदी आत्ताच सुरू करते. मालक, चालेल ना?”

मालकांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांनी आकड्याकडे पाहिलं. त्यांचा हात, त्यांना न विचारता, वायर परत लावायला निघाला.

“लावताय कशाला?” संचालक बाई शांतपणे म्हणाल्या. “चालतोय ना?”

हात हवेतच राहिला. एवढ्यात पूल गोठला, दिवे गेले, आणि हिरव्या अक्षरांसकट सगळा पडदा काळा झाला. उकडून निघण्यापेक्षा यंत्राने स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं. त्या खोलीत वेळेवर निर्णय घेणारं तेवढंच एक होतं.

“ही सुरक्षा व्यवस्था,” मेहुणे पुटपुटले.

त्यांनी वायर लावली, यंत्र पुन्हा सुरू केलं. पंप एकदा गुरगुरला, एकदा थरथरला, आणि उठलाच नाही. इतके दिवस धापा टाकत होता तो, भोंगा वाजवून सांगत होता. पडदा मात्र उजळला आणि म्हणाला, पंप सुरळीत.

आता आत्याच हसल्या. मोठ्याने, पोट धरून, सुया मांडीवर टाकून. मालक कपाळ पुसत होते.

“पूर यावरच होणार होता का?” संचालक बाईंनी कात्रीला विचारलं. मालकांना नाही.

“हो. आज सुरू केला असता तर वाटेत कुठेतरी हेच झालं असतं. नवा पंप, नीट जोडणी, आणि अलार्म वाजलेला मी कानांनी ऐकला की सुरू करेन. थोडा उशीर होईल.”

“संग्रहालयाचं उद्घाटन ठरल्या दिवशी होऊ दे. पुलाचं दालन मागाहून उघडू. पूर नसेल तर त्या दालनात दाखवायचं काय आहे?” त्या दाराकडे वळल्या आणि मालकांना म्हणाल्या, “यापुढे या चित्रपटाबद्दल मी दिग्दर्शक बाईंशीच बोलेन.”

दिग्दर्शक बाई. मालकांनी मान डोलावली. दुसरं काही डोलवण्यासारखं उरलं नव्हतं.

नवा पंप आला त्या दिवशी मेहुण्यांची मान लचकली आणि ते घरी राहिले. कात्रीने बारीक वायर तिच्या जागी लावली, पंख्याची पंख्याच्या. मर्यादा पुन्हा वर नेली, पंपाच्या रोजच्या वेगाच्या जरा खाली. आत्या कानांवर हात ठेवून तयार बसल्या. मालक दारात उभे होते. सोफ्यावर कुणीतरी वाट बघत बसलं होतं. कात्रीने त्याची पर्वा केली नाही.

तिने जाड वायर काढली.

भोंगा असा वाजला की सोफ्यावरचा माणूस उठून उभा राहिला. पडदा लाल झाला. तिने सावकाश लाल अक्षरं वाचून काढली आणि वायर परत लावली. पाणी फिरलं, भोंगा थांबला. मग तिने वायर पुन्हा काढली. मालकांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकू येत नव्हतं, आणि ते तिला सोयीचंच होतं.

शांतता झाल्यावर मालक पुढे आले. पेटीकडे, मग तिच्याकडे पाहत, चोरट्या आवाजात त्यांनी विचारलं, “आणि नदी चालू असताना हा वाजला, तर काय करायचं?”

पेटी आल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. भोंगा कसा गप्प करायचा, एवढंच सगळे विचारत आले होते.

“धावत यायचं,” कात्री म्हणाली. “तुम्ही, मी, जो जवळ असेल तो. आधी काम थांबवून जपून ठेवायचं, मग पंप बघायचा. भोंग्याला हात लावायचा नाही.”

“मेहुण्यालाही सांगतो.”

“त्यांना फक्त धावायला सांगा.”

तिने खुर्ची ओढली आणि नदी सुरू केली. पडद्यावर पहिलं पाणी आलं, कोरड्या पात्रात तळहाताएवढं, आणि मोजून मोजून, दगडाला वळसा घालत, पुलाकडे निघालं.