टर्मिनल तीन ते टर्मिनल दोन

सगळ्या वेळा सिंगापूरच्या. टांझानियातलं दार-एस-सलाम पाच तास मागे.

ठरलेली वेळ १७.४०. विमान उतरणे. प्रत्यक्ष: १७.५२.

शेऱ्याच्या रकान्यात बाबूरावांनी लिहिलं, "बारा मिनिटं उशीर. चालेल."

परभणी आगारात एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला कागदावर रेघा मारल्याशिवाय कुणाची वाट बघता येत नाही. क्लेमेंटीतल्या नवव्या मजल्यावर, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर, त्यांनी सकाळीच तक्ता आखला होता. प्रवासी एकच. कमलाबाई, वय चौसष्ट, जन्मात पहिल्यांदा एकट्या निघालेल्या.

जायचं होतं दोघांनी. पण बाबूरावांच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत संपत होती, आणि तेवढ्यावर तिथे प्रवेश मिळत नाही, हे त्यांना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, काउंटरवर कळलं. परभणीच्या फलाटावरून सुटणाऱ्या एकूण एक गाडीची वेळ तोंडपाठ असलेला माणूस स्वतःचीच तारीख विसरला.

"मग मी जाते," कमलाबाई तिथल्या तिथे म्हणाल्या.

"एकटी?"

"क्षिप्राचं बाळ तुमच्या पासपोर्टसाठी थांबणार आहे का?"

क्षिप्रा म्हणजे सून. मुलगा उज्ज्वल टांझानियात म्वांझाला इंजिनियर. उद्या सकाळी नऊला क्षिप्राचं सिझेरियन ठरलेलं. तिच्या आईला गुडघ्यांमुळे घर सोडवत नव्हतं, म्हणून ती सासूला फोनवर बोलली होती, "आई, तुमचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जाणार नाही." दार-एस-सलामहून म्वांझाचं आजचं विमान चुकलं, तर पुढची जागा उद्या दुपारची. एवढीच गोष्ट होती.

ठरलेली वेळ १८.३०. इमिग्रेशन पार. प्रत्यक्ष: १८.२१.

"नऊ मिनिटं आधी!" बाबूराव एवढ्या जोरात म्हणाले की संजीवनी लॅपटॉपवरून दचकली. ती विद्यापीठात संशोधक. आज घरूनच काम करत होती, म्हणजे वडिलांवर लक्ष ठेवत होती.

कमलाबाईंचा संदेश आला होता. फोटो. शिक्का मारलेलं पान, आणि कडेला त्यांचा स्वतःचा अंगठा.

खरी अडचण पुढे होती. दार-एस-सलामला परदेशी विमान उतरतं टर्मिनल तीनला. देशातलं उडतं टर्मिनल दोनहून. तिकिटं वेगवेगळी, म्हणून बॅगा स्वतः उतरवायच्या, कस्टममधून बाहेर यायचं, टॅक्सी करायची, दुसऱ्या इमारतीत जाऊन पुन्हा सामान द्यायचं. काउंटर साडेसातला बंद.

निघायच्या आधीच्या रविवारी दोघांनी तालीमही केली होती. कुठे? चांगीवर. टर्मिनल तीनपासून दोनपर्यंत, ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी पकडून. बाबूरावांनी घड्याळ लावलं. चार मिनिटं. पुन्हा मागे. परत चार मिनिटं. उज्ज्वलला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला.

"बाबा, इथे तशी गाडी नाही हो. रस्ता आहे. ऊन आहे. टॅक्सीवाले आहेत."

"मग तालीम फुकट गेली?"

"मला तर चालायलाच मिळालं नाही," कमलाबाई म्हणाल्या. "नुसतं उभं राहायचं, आणि दार उघडलं की उतरायचं. हिला काय तालीम म्हणतात?"

ठरलेली वेळ १८.५०. बॅगा घेऊन बाहेर. प्रत्यक्ष: ~~१८.५०~~ ~~१८.५५~~

अठरा पन्नासला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर छत. मग एक पंखा. मग कमलाबाईंचं कपाळ.

"अहो, इथे सगळं उघडलंय."

"काय उघडलंय?"

"बॅग. पिशव्या चालत नाहीत म्हणे. प्लास्टिकच्या. या देशात बंदी आहे."

व्हिसाचा विचार झाला होता. टॅक्सीचा झाला होता. घशाच्या गोळ्यांचासुद्धा झाला होता. पिशव्यांचा कुणी केला नव्हता, कारण पिशवीला सामान कोण समजतं? सात महिने कमलाबाईंनी इथल्या सुपरमार्केटच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून खणात ठेवल्या होत्या. जाताना खण रिकामा झाला म्हणून संजीवनीला आनंदच झाला होता. डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर गाठ. मेथीचे लाडू तसेच. बाळंतशोपा, ओवा, मसाला, चपला, सगळं तसंच.

"किती आहेत?" बाबूरावांनी विचारलं.

"ही बाई मोजतेय. सव्वीस झाल्या. अजून खालचा थर आहे."

"अगं, देऊन टाक सगळं आणि नीघ! काउंटर बंद होईल!"

"लाडू देऊन टाकू? बाळंतिणीचे?"

"आई," संजीवनी मध्ये पडली, "पिशव्याच दे फक्त. सामान असंच कोंब बॅगेत."

"असंच कसं? मसाला सांडेल चपलांवर." कॅमेरा फिरला. खाकी गणवेशातली एक धिप्पाड बाई हातात पिशव्यांचा गुच्छ धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणाच्या तरी आईचं कपाट आवरायला बसल्यासारखी दिसत होती.

"थांबा. दुपट्यांसाठी जुनी लुगडी आणलीत ना, ती काढते."

"कमल, वेळ बघ!"

"तुम्ही तिथून भोंगा लावू नका हो. हे माझं स्टँड आहे."

फोन कुठेतरी ठेवला गेला. दिसत होतं ते निळं लुगडं, जमिनीवर पसरलेलं. त्याच्या दोन बाजूंना दोन बायका. एक मराठीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत, आणि दोघींचं बरं चाललं होतं. "इकडून धर. हां. अशी नाही, उलटी." मग गणवेशातल्या बाईने टोकं हातात घेतली, एक पीळ दिला आणि अशी गाठ मारली की कमलाबाई म्हणाल्या, "अगं बाई! ही कुठे शिकलीस?"

तेवढ्यात पडदा काळा झाला.

ठरलेली वेळ १९.१०. टर्मिनल दोन. प्रत्यक्ष:

शेरा:

ठरलेली वेळ १९.३०. काउंटर बंद.

एकोणीस चोवीसला बाबूरावांना राहवलं नाही. विमानतळाचं वायफाय इमारतीपुरतंच, रस्त्यावर कमलाबाईंचा फोन मुका. हे कळत होतं. तरी तिकिटावरचा नंबर त्यांनी लावला. देशांतर्गत कंपनीच्या काउंटरवर एका तरुणीने उचलला. बाबूराव उठून उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले.

"मॅडम, सिंगापूरहून बोलतोय. मागच्या गाडीचा प्रवासी येतो आहे. म्वांझाला पाच मिनिटं थांबवा."

"सर, विमान असं थांबवता येत नाही."

"मी थांबवलेलं आहे. बस. पुष्कळदा. परीक्षेची मुलं, बाळंतिणी, एकदा आख्खं वऱ्हाड."

"सर," ती हसली असावी, "प्रवाशाचं नाव?"

"कमलाबाई."

पलीकडून, "त्यांच्याकडे निळं गाठोडं आहे का?"

बाबूरावांनी टेबलाची कड धरली. "आहे! दिसली का?"

"सर, त्या माझ्या समोर उभ्या आहेत. सामान दोन किलो जास्त भरलं, म्हणून रांगेत लाडू वाटतायत. मला दोन मिळाले."

मागून आवाज आला, चांगला खणखणीत. "कोण आहे गं?" मग खुडबुड, आणि फोन हातात घेऊन कमलाबाईच.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

"पोचलीस?"

"मग काय! त्या बाईने स्वतः टॅक्सीवाला बोलावून दिला. त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पोराने गाडी अशी पळवली की मी डोळेच मिटले."

"लाडू उरले का गं?"

"डिंकाचे सगळे आहेत. मेथीचे वाटतेय. कडू म्हणून तोंडं करतायत, पण घेतायत. ठेवा आता, मागे लोक खोळंबलेत. जयभीम."

ठरलेली वेळ २०.१०. उड्डाण. प्रत्यक्ष: २०.१४.

संजीवनीने भात गरम करायला ठेवला. बाबूरावांनी म्वांझाला फोन लावला, आणि सुनेने उचलल्याबरोबर म्हणाले, "क्षिप्रा, सासू निघाली. आता निवांत झोप."

"बाबा, इथे दुपारचे सव्वातीन वाजलेत."

"मग दुपारची झोप," बाबूराव म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं.