परक्या हाताची शिवण

निळा पट्टा... बोटभर रुंद, आतून मऊ अस्तर, मध्येच इलॅस्टिकचा तुकडा जोडलेला — कुठे अडकलाच तर ताणला जाऊन मान सुटावी म्हणून. काल ठमीच्या गळ्यात हा नव्हता. त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मांजरीची हनुवटी वर केली. मशीनची टीप नव्हे ही, हातशिलाई. दुहेरी दोरा, आणि टाके उलट्या बाजूला कललेले... म्हणजे कोणीतरी डावखुरं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाला एवढं कळणारच. जीव लावून शिवलं होतं, हेही कळलं, आणि तेच नको होतं.

मांजर मोकळंच हवं, हे खरं तर त्याचं म्हणणं. बायको म्हणायची, रस्ता वाहता आहे, कुत्री आहेत, खिडकीला जाळी बसवून घ्या. की हा मशीन थांबवून व्याख्यान झोडणार — मांजर काय काचेच्या कपाटातली बाहुली आहे, कोंडून ठेवायला? मग स्वतःच्याच मोठ्या मनावर खूश होऊन कात्रीसुद्धा जरा ऐटीत चालवायचा.

आणि मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीचं पोट दाबून पाहिलं नि खाणं निम्म्यावर आणलं. वजन उतरलं नाही तर हृदय थकेल म्हणाल्या. तो अर्धी वाटी भरायचा, ती पायात घोटाळून रडायची, याचं काळीज तुटायचं... आणि एवढं करून बया फुगतच चाललेली! परवा गिऱ्हाइकादेखत त्याचा तोल गेला. माझ्या पाठीमागे तूच चारतेस, असं तो बायकोला तोडून बोलला. ती खाली मान घालून काजं करत राहिली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

म्हणजे चारत होतं ते हे डावखुरं माणूस. तिकडे हिला काय नावाने हाक मारत असतील? तिकडेही अशीच पोटरीला अंग घासत असेल... आणि मी काय इथे धर्मशाळा उघडून बसलोय? त्याने खाडकन खिडकी लावली, कडी घातली.

बायको दारात उभी होती.

"आजपासून बाहेर बंद," तो म्हणाला. "तुला हेच हवं होतं ना?"

तिने पुढे येऊन ठमीच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. टाके तिलाही वाचता येत होते. "गाड्यांना नाही भ्यालात, कुत्र्यांना नाही," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी माया करतंय म्हटल्यावर कडी घातलीत."

ती आत गेली. ठमी काचेवर पंजा घासत होती. पट्ट्याला चिठ्ठी टाचली असती — आजारी आहे, खायला घालू नका — तर प्रश्न मिटला असता, हे काय त्याला सुचलं नव्हतं? पण त्यासाठी तिला तिकडे पाठवावं लागणार होतं, आणि पाठवली आणि ती तिकडचीच झाली तर... तो स्वतःवरच चिडला. तिकडे पोटभर मिळत होतं, तरी ही इतके दिवस या अर्ध्या वाटीकडे कशाला परत येत होती? त्याला ते कोणालातरी विचारावंसं वाटलं, अगदी आत्ता. विचारण्यासारखं माणूस घरात एकच होतं.