पिवळं जाकीट

सकाळी सात वाजता तेवीस मोटरसायकली एकदम सुरू झाल्या आणि ताई सीटवरच टुणकन उडाली. भीतीने नाही, आनंदाने. चोपन्नाव्या वर्षी बाईने असं उड्या मारायच्या बेतात असू नये असं कोणाला वाटत असेल, तर खुशाल वाटो.

एकोणीस वर्षं तिने या क्लबच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या होत्या. फोम कापायचा, रेक्झिन ताणून बसवायचं, शिलाई मारायची, आणि गाडी निघून गेली की दुकानाच्या दारात उभं राहून चहा प्यायचा. गेल्या वर्षी तिने चहाचा कप खाली ठेवला आणि एक जुनी गाडी घेतली. शिकताना दोनदा आपटली, गुडघा सोलवटला, पण धाकट्याला पत्ता लागू दिला नाही.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, क्लबचा मेकॅनिक. "ताई, तू आपली सीट शीव. तिच्यावर बसायचं आम्ही बघतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. क्लबचा नियम असा की नव्या माणसाने एक सहल बिनचूक पार पाडली, तरच जेवणाच्या वेळी सगळ्यांनी हात वर करून त्याला सभासद करून घ्यायचं. एक चूक झाली की वर्षभर थांबा. धाकट्याने आधीच सांगून टाकलं होतं, "कोपऱ्यावर गोंधळ घालणार ती."

कोपऱ्याची गोष्ट साधी होती. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढारी गाडीच्या मागच्याने थांबायचं आणि बाकीच्यांना हाताने वळण दाखवायचं. रांगेच्या शेवटी पिवळं जाकीट घातलेला माणूस असतो, त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपूट दिसेपर्यंत कोपरा सोडायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. आज शेपूट होता धाकटा.

पुढारी होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्यापुढे क्लबात कोणी उगाच तोंड उघडत नसे. बर्फाच्या कारखान्यापाशी रस्ता फुटला, डावीकडे खाण, उजवीकडे समुद्र. बाईंनी मागे बघून ताईला बोट दाखवलं आणि त्या उजवीकडे वळल्या. ताई थांबली, उजवा हात लांब केला. छाती अशी धडधडत होती की इंजिन बंद केलंय की नाही हे तिने दोनदा पाहिलं.

मग गाड्या येऊ लागल्या. प्रत्येक जण वळताना ओरडत, हॉर्न वाजवत जात होता, आणि ताई सवयीने त्यांच्या सीटाच बघत होती. ही चौकडीची, ही दुहेरी शिलाईची, ही नवऱ्याशी भांडून आलेल्या बाईने दोनदा उसवून घेतलेली. एकोणीस झाल्या. मग लाल दोऱ्याची सीट सुसाट आली. धाकटा! पण अंगात जाकीट नव्हतं.

"चल ताई, चल! झाले सगळे!" तो ओरडला आणि वळून गेलासुद्धा.

ताईने किल्लीला हात घातला आणि तिथेच थबकली. पोस्टमनकाकांची तपकिरी सीट कुठे गेली? निवृत्त झाल्यावर त्यांचं माकडहाड दुखायचं, म्हणून तिने स्वतः त्या सीटला मधे खळगा केला होता. ती गेलेली नव्हती. काका मागेच राहिले होते, आणि शेपूट त्यांना मागे टाकून पुढे पळालं होतं.

फोनला रेंज नव्हती. मागे शोधायला जावं तर कोपरा सुटतो. पुढे जावं तर म्हातारा खाणीच्या रस्त्याला लागतो. आणि थांबावं तर जेवणाच्या टेबलावर धाकटा सांगणार, "बघा, रस्तासुद्धा सापडला नाही तिला." वर्ष गेलं, या विचाराने तिला रडूच फुटलं. पण हात तिने खाली घेतला नाही. उजवा दुखला की डाव्या हाताने त्याला आधार द्यायची. कारखान्याचा रखवालदार विचारून गेला, "बाई, टॅक्सी हवीय का?"

पाऊण तासाने वळणावर फटफट ऐकू आली.

"मेलीच होती चेन, पेट्रोलपंपावर बसवली एकदाची!" काका लांबूनच ओरडले. "मला वाटलं, आता इथे कुत्रंही नसेल. अगं, तू अजून इथेच?"

"इथेच असणार, नाही तर काय! चला आता, भूक लागलीय!"

आणि मग ती दोघं निघाली. डावीकडे डोंगर, उजवीकडे नुसतं पाणी, वारा असा की पापण्या उलट्या व्हाव्यात. वळण आलं की गाडी झुकायची, तशी ताईही झुकायची आणि तोंडाने चक्क "हुर्रे" म्हणायची. काका मागून गाणं म्हणत होते. बेसूर, पण मोठ्याने.

खानावळीच्या अंगणात सगळे उभेच होते. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टरीणबाईंनी काकांकडे पाहिलं, ताईच्या अवघडलेल्या हाताकडे पाहिलं, मग धाकट्याकडे वळल्या.

"जाकीट कुठंय?"

"वाऱ्याने फडफडत होतं हो... बॅगेत टाकलं."

"काढा. आणि ज्यांचं आहे त्यांना द्या."

धाकट्याने बॅगेतून जाकीट काढलं. ताईसमोर आला, मान खाली. "ताई, चुकलं माझं," तो म्हणाला आणि लहानपणी ती त्याला स्वेटर घालायची तसं ते तिच्या अंगात घातलं, चेनसुद्धा त्यानेच लावली. हात वर करायला कोणाला सांगावं लागलं नाही. काकांनी तर दोन्ही केले.

परतीला ताई सगळ्यात मागे होती. पहिलंच वळण आलं, रांग समुद्राकडे झुकली, आणि एकोणीस वर्षांत दारातून एकेक करून निघून गेलेल्या तिच्या सगळ्या सीटा तिला पहिल्यांदा एकत्र दिसल्या. तिच्या बरोबर पुढे लाल दोऱ्याची होती. एका बाजूची शिलाई किंचित वाकडी गेलेली होती. उद्या दुकानात आण म्हणावं, असं तिने ठरवलं आणि गाडीचा वेग वाढवला.